बाहेरून पाहिलेला किल्ला

डिंकाच्या लाडवांचा वास आला की मला ठाण्याचा किल्ला आठवतो. किल्ल्यातच तुरुंग. चळवळीत बाबा तिथे होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते आईला आणि मला कल्याणहून किल्ला दाखवायला घेऊन गेले.

"आतून पुष्कळ पाहिला, बाहेरून पाहायचा राहिलाय," म्हणाले.

खाडीकडून खारा वारा येत होता. काळ्या तटाच्या फटींतून पिंपळाची रोपटी डोकावत होती. मी ती बघून वळले, तर आई शेजारी नव्हती. बाबा आत असताना उभी राहायची तशीच मोठ्या दरवाजापाशी, कैद्यांच्या भेटीला आलेल्या बायकांच्या रांगेत ती उभी होती. आमच्या खाण्यासाठी आणलेला लाडवांचा डबा छातीशी घट्ट धरून.

"अगं, मी इथं आहे," बाबा जवळ जाऊन म्हणाले.

तिनं मान हलवली, पण जागची हलली नाही.

मला तेव्हा हसू आलं. बाबा हसले नाहीत. तिच्या मागे रांगेत उभे राहिले.