पिवळ्या सायकलींचा दसरा

हा किस्सा मी घरी अजून कोणालाच सांगितला नाही. तुम्ही ऐका, हसा अन् इथंच सोडून द्या!

यवतमाळात आमच्या चौकात भाड्याच्या पिवळ्या सायकली आल्या होत्या, आठवतात? हँडलच्या मधोमध ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र. त्याच्यासमोर मोबाईल धरला की कुलूप खटकन उघडायचं. पोचलं की तिथल्या स्टँडवर सोडून द्यायची.

ते बोंडअळीचं साल. कापूसच नाही, तर ह्यांची जिनिंगमधली हमाली कुठून राहणार? मी पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत खिचडी शिजवायला लागले. पोरीला शेजारी ठेवायचं अन् सायकल मारत सुटायचं. काय वारा लागायचा हो कानाला! सातवीत शाळा सुटली, त्यानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसले होते.

पण माझा जीव कुठं थाऱ्यावर? ह्या सायकली बंद पडल्या तर? मग उशीर, मग काम गेलं तर?

तेवढ्यात दसरा आला. जो तो आपापली गाडी पूजतो, ह्या बिचाऱ्यांना कोण? सकाळीच जाऊन सगळ्या धुतल्या. लिंबू-मिरची बांधली. वाऱ्यानं उडू नये म्हणून कुंकू तेलात कालवलं अन् लावलं कपाळाला. सायकलीचं कपाळ कोणतं? ते चौकोनी चित्र!

"बायांनो, नांदा इथंच," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर ही गर्दी! एकाच्याही मोबाईलनं कुलूप उघडेना.

"उघडून काहून नाही राह्यली?" कॉलेजातली पोरगी वैतागली.

"हात नोको लावू बाई! करणी हाय!" पानठेल्यावाले काकाजी ओरडले.

"कालच्या दसऱ्याची पूजा असन ना!" पोरगी म्हणाली.

"कोनाच्याच नाही ह्या सायकली, मंग पूजा कोन करन?" काकाजी म्हणाले, मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमीच रोज नेता. तुमाले काही झालं तर नाही?"

"माय वं! कोण मेली असं करते!" मीच म्हटलं. अन् सुटले पायी पळत.

शाळेत बाई डाफरल्या, "खिचडीले उशीर काहून?"

"करणी झाली जी!"

कंपनीच्या माणसांनी रॉकेलनं कुंकू पुसलं, नवी चित्रं चिकटवली. पण आमच्या चौकात कोणी हात लावीना. बाकी स्टँडवरच्या सायकलींच्याही सीटा चोरीला गेल्या, टायर बसले. एक दिवस सगळ्या टेम्पोत भरून नेल्या. मी पाहत राहिले. त्यातली एक घंटी खड्ड्याखड्ड्यावर वाजत गेली.

"पाह्यलं वहिनी? करणी किती जबर होती!" काकाजी म्हणाले.

मी मान हलवली. अन् घरी जाऊन पहिले मीठ-मोहऱ्यांनी पोरीची नजर काढली. म्हटलं, एवढी जबर करणी, लागली-बिगली तर?