थाळीला ओ

“थाळी वाजून राह्यली ना, मंग सारं ठीक हाये.” वारलू ढिवर येताजाता हेच म्हणायचा.

आरमोरीकडच्या आमच्या गावात कोसा, म्हणजे रानरेशीम, काढणारी ढिवरांची थोडी घरं. ऐनाच्या झाडांवर किडे सोडले, की कोसा बांधून होईपर्यंत राखणदार खाटेवर निजत नाही, एकवेळच जेवतो, आणि दुखणाईताच्या घरात पाय ठेवत नाही. ठेवला तर किडे गळतात, असं आमच्याकडे मानतात. वारलूच्या घरात तर त्याची बायको गुणाबाईच कमरेपासून लुळी पडलेली. एरवी तिला भरवणं, पुसणं तोच करी. कोशाच्या दिवसांत ते भावजयीकडे, कमळाकडे जाई. पण कमळालाही धानाचं निंदण होतं. ती सकाळ-संध्याकाळ तेवढी यायची.

म्हणून नवराबायकोनं तोड काढली. गुणाबाईच्या उशाशी काशाची थाळी ठेवली. ती अधूनमधून काडीनं वाजवायची, आणि घरामागच्या ऐनांतून पाखरं हाकलता हाकलता वारलू ओ द्यायचा, “हुर्रऽ, गुणे!”

पाणी भरणाऱ्या बाया हसायच्या. “कावळ्याले हाकलता का बायकोले, वारलूभाऊ?”

“दोघायलेबी!”

मग आतली थाळी अशी रागानं वाजायची, की बायांच्या घागरी हिंदकळायच्या.

त्रेपन्न साली भादव्यात वारलूला हिवताप लागला. थंडी भरली की हातातली गुलेल गळून पडायची. दाराबाहेर उभा राहून त्यानं सांगितलं, तशी आतून गुणाबाई म्हणाली, “आंधी कुनैन खा. तुमी पडले त मले कोन उचलंल?”

त्यानं दवाखान्यातून गोळ्या आणल्या, तिच्या शब्दाखातर गिळल्या. ताप उतरला. कानांत मात्र त्या गोळ्यांनी घणघण सुरू झाली. थेट काशासारखी.

त्या दिवशी तो सारखा ओ देत होता. वाटेनं चाललेल्या सुकलूला हसून म्हणालाही, “आज गुणी लय वाजवून राह्यली.” सुकलूला काही ऐकू आलं नव्हतं. आपलेच कान जड, असं समजून तो गेला.

उन्हं कलल्यावर कमळा आली. काडी भुईवर पडली होती, गुणाबाई थंड झाली होती. मागून ओ येतच होती.

वारलूला ओढत आणलं. तिच्याकडे बघत तो विचारत राहिला, “मंग हे वाजवून कोन राह्यलं, वयनी?”

सुतकात रानात जाता येईना. पाखरांनी किडे वेचून खाल्ले. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण गोळ्या संपल्या, कान निवले, तसा तो ओट्यावर बसून तळव्यानं कान ठोकू लागला. मग ताप आहे असं सांगून पुन्हा गोळ्या आणू लागला. अन्न सुटलं, डोळे खोल गेले, चालताना भिंत धरावी लागे, बोलायचं तर त्याच्या कानाशी ओरडावं लागे.

कमळानं एकदा पुडी हिसकावली. “ताप नाई त काऊन खाता, भाऊजी? मरून जासान!”

“नाई खाल्ली त गुणी वाजवत नाई,” तो म्हणाला, आणि पुडीसाठी हात पसरला.

पुढच्या भादव्यात त्याच्याजवळ किडे नव्हतेच. तरी एका सकाळी गुलेल खांद्याला टाकून, झोक जात जात, तो ऐनांकडे निघाला. कमळा थाळी घेऊन अंगणात धावली आणि त्याला माघारी बोलवायला जीव खाऊन वाजवू लागली. मी कुंपणापाशी उभा होतो. माझे दात शिवशिवले. वारलूनं मान वळवली नाही. तो झाडांत शिरला, आणि भलतीकडेच तोंड करून त्यानं ओ दिली, “हुर्रऽ, गुणे!”

कमळा वाजवतच होती.