फर्जानाची एकाहत्तर टक्के अचूकता

शुक्रवारी दुपारी फर्जानाला कामावरून कमी करण्याचा कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर माझी सही हवी होती. तिच्या प्रोबेशनचे सहा महिने शनिवारी संपत होते. पक्कं होण्यासाठी अचूकता किमान पंचाण्णव टक्के लागे. तिची सरासरी एकाहत्तर होती. शाळेतली नोकरी सोडून ती आमच्याकडे आली होती, आणि शाळेने तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती.

मी तारनाक्याच्या एका डेटा एंट्री कंपनीत क्वालिटी सुपरवायझर होतो. उदारीकरणानंतरची वर्षं होती. परदेशातून हॉस्पिटलचे फॉर्म, जुने कॅटलॉग, काहीही टाइप करायला येई. या वेळी अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी लोज्बान नावाच्या भाषेची शब्दकार्डं करायला दिली होती. आमचे मॅनेजर राव यांनी विचारलं होतं, "ही भाषा कुठे बोलतात?"

"कुठेच नाही. मुद्दाम बनवलेली आहे," मी म्हणालो.

"मग तक्रार करणारेही कमी असतील," राव म्हणाले आणि काम घेतलं.

भाषेची रचना मला आवडली. तेराशेच्या वर मूळ शब्द, प्रत्येक रोमन पाच अक्षरांचा. त्यातल्या बहुतेकांचे छोटे तुकडे ठरलेले. तुकडे जोडायचे की नवा शब्द. 'शाल्कु' म्हणजे कवच, 'शिंकि' म्हणजे कीटक, आणि दोन्ही मिळून 'शाक्शिंकि'. गृहस्थांनी फ्लॉपीवर मुळांचे अर्थ आणि बाराशे जोडशब्दांची यादी पाठवली होती. नवशिक्यांसाठी प्रत्येक जोडशब्दाचा अर्थ आम्ही लिहायचा होता. कार्डं इंग्रजीत होती, इथे मराठीत सांगतो.

आमच्याकडे सगळं काम 'डबल की'ने होई. एकच मजकूर दोन ऑपरेटर एकमेकांचं न बघता टाइप करतात. कॉम्प्युटर दोन्ही ताडून पाहतो. जुळलं तर पास, ते पुन्हा कोणी वाचत नाही. नाही जुळलं तर सुपरवायझरकडे येतं आणि ज्याचं चुकलं त्याच्या नावावर चूक पडते. छापील आकड्यांसाठी ही पद्धत उत्तम. पण अर्थ दोघं दोन तऱ्हांनी लिहिणार, मग कॉम्प्युटर जुळवणार कसा? म्हणून मी एक नियमपत्रक काढलं. मुळांचे अर्थ यादीतल्याप्रमाणे, त्याच क्रमाने लिहा, आपलं डोकं घालू नका. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या ऑपरेटरांचं काम शेकडा अठ्ठ्याण्णव जुळू लागलं. रावांनी मला कॅबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

फर्जानाचं मात्र या कामात कोणाशीच जुळेना. तिची कार्डं माझ्याकडे येत, मी पत्रक बघे आणि चूक तिच्या नावावर टाकी.

सही करण्याआधी मी तिच्या चुकांची फोड केली. माझी सवय आहे ती. तीन कप्पे होते: स्पेलिंग, गाळलेला मजकूर, अर्थ. पहिल्या दोन्हींत शून्य. सगळ्या चुका तिसऱ्यात. निष्काळजी माणूस तिन्ही कप्प्यांत थोडा थोडा चुकतो. मी तिला बोलावलं.

"शाक्शिंकि. बाकीच्यांनी 'कवच कीटक' लिहिलंय. तू?"

"भुंगेरा लिखी, सर."

"पत्रकात काय आहे?"

"पत्रक में तो कवच कीटक इच आता. पन बच्चे कू कार्ड दिए तो वो पूछेगा ना, कौन सा कीटक? सर, बच्चों कू पढाई मैं."

"आणि हे? पुढचा, लागून असलेला, दिवस."

"उद्या. और क्या होगा?"

"'पुस्तक साठा'?"

"लायब्ररी. किताबों का साठा तो बेगम बाजार के गोदाम में बी रैता."

"हे तू मनाने ठरवलंस?"

"नै सर. फ्लॉपी में एक फाइल थी ना, चार पानों की. उस में लिखा है. आप के पत्रक पे उस का नाम बी है, सब से ऊपर."

नाव होतं, कारण पत्रक मी त्याच फाइलवरून केलं होतं. फाइलचं फक्त पहिलं पान मी तेव्हा वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की दोन मूळ शब्द नुसते शेजारी ठेवले तर अर्थ ढिला राहतो, ऐकणाऱ्याने तो अंदाजाने लावायचा. आता पुढे वाचलं तर तिसऱ्या पानावर होतं की तेच शब्द जोडून एक केले की अर्थ पक्का होतो. मग तो तुकड्यांची बेरीज नसतो. लोकांना ज्या एका वस्तूसाठी शब्द हवा असतो, ती वस्तू हाच त्याचा अर्थ. आमचे बाराशेही शब्द जोडलेले होते.

मी रावांच्या कॅबिनमध्ये गेलो.

"पाठकगारू," राव त्यांच्या तेलुगू अदबीने म्हणाले, "अठ्ठ्याण्णव टक्के मॅच आहे. सोमवारी डिस्पॅच आहे. आता काय शोधून काढलंत?"

"अठ्ठ्याण्णव टक्के चुकीचं असू शकेल."

"दोघं दोघं बसून एकच चूक करतील?"

"मी शिकवली तर करतील."

मी फर्जानाची कार्डं पुढे केली, ती चाळत राव म्हणाले, "आणि ती मुलगी बरोबर असेल कशावरून? उद्या तुम्ही सही केली नाहीत तर ती आपोआप पक्की होते. हेड ऑफिस मला विचारेल."

"क्लायंटलाच विचारू."

तिचे आणि दुसऱ्यांचे न जुळलेले पन्नास शब्द मी काढले. डाव्या रकान्यात पास झालेला अर्थ, उजव्यात तिचा. नावं घातली नाहीत. पाचच्या सुमारास ईमेल गेलं. कागद मी सही न करता ड्रॉवरमध्ये ठेवला. फर्जानाने जाताना विचारलं, "सर, कल आऊं क्या?"

"ये," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी उत्तर आलेलं होतं. उजवा रकाना चव्वेचाळीस बरोबर. डावा तीन. उरलेल्या तीनमध्ये दोन्ही चूक. खाली एक ओळ होती: बाकीचं काम डाव्या रकान्यासारखं झालं असेल, तर कृपया पाठवू नये.

रावांनी उत्तर दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडून परत घेऊन फाडला. फर्जाना त्याच दिवशी पक्की झाली. बाराशे कार्डं नव्याने करायला तीन आठवडे लागले आणि ते काम तिच्या देखरेखीखाली झालं. तिच्या रेकॉर्डवर अचूकता एकाहत्तरच राहिली. महिना बंद झाल्यावर आकडा बदलायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. मी शेऱ्यात लिहिलं की उरलेल्या एकोणतीस टक्के चुका सुपरवायझरच्या आहेत. हेड ऑफिसने तो शेरा वाचल्याचं कधी जाणवलं नाही.

त्यानंतर मी अकरा वर्षं हेच काम केलं. दोन माणसांचं उत्तर अक्षरशः जुळलं की मी आधी चौकशी करी, दोघांना शिकवलं कोणी. दोघांनी एकच नाव सांगितलं, तर तिसऱ्याकडून तपासून घेई. बहुतेक वेळा ते नाव माझंच असे.