दुर्गेश्वरीनं वाटलेली पुस्तकं

देवरीजवळच्या आपल्या गावात दुर्गेश्वरी कटरे बारा वर्षं वाचनालय चालवत होती. ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि पेपर वाचणाऱ्यांसाठी एक बाक. मानधन नावापुरतं, घर चालायचं धानाच्या शेतीवर. तिला चीड यायची ती एकाच गोष्टीची. तिचं गाव धरून आसपासच्या चार गावांत वाचनालयं होती आणि चारही ठिकाणी दरवर्षी तीच ती पुस्तकं यायची. एकाच कादंबरीच्या चार प्रती चार गावांत धूळ खात पडायच्या, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना हवं ते पुस्तक एकाही गावात मिळायचं नाही.

शेवटी तिनंच बाकी तिघा चालकांना एकत्र बसवलं. प्रत्येकानं वेगळी पुस्तकं घ्यायची आणि लागतील तशी एकमेकांना द्यायची, असं ठरलं. सडक अर्जुनीकडचा उमेंद्र कां-कूं करत होता, कारण त्याच्याकडे पुस्तकं सगळ्यांत कमी. दुर्गेश्वरीनं पहिला गठ्ठा त्यालाच पाठवला. हायवेच्या बसचे कंडक्टर ओळखीचे झाले, पिशव्या या गावातून त्या गावात जाऊ लागल्या. कुठलं पुस्तक कुठं गेलं, ते ती वहीत लिहायची. सहा वर्षं कुरबूर न होता चाललं. गावातली भूमिका नावाची पोरगी त्याच पुस्तकांवर अभ्यास करून पोलिसात लागली.

मग तपासणीचं पत्र आलं. नोंद असलेली पुस्तकं जागेवर दिसली पाहिजेत आणि ठरलेली संख्या भरली पाहिजे, नाहीतर मान्यता रद्द. चारही गावांची तपासणी एकाच आठवड्यात होती. दुर्गेश्वरीची चारशेवर पुस्तकं बाहेर होती, त्यातली निम्मीअधिक उमेंद्रकडे. बाकी दोघांनी तिची पुस्तकं परत पाठवली. उमेंद्र आज पाठवतो, उद्या पाठवतो म्हणत राहिला आणि नंतर फोनच उचलेना.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती स्वतःच बसनं त्याच्या वाचनालयात गेली. उमेंद्र खोलीत एकटा होता. टेबलावर तिचीच पुस्तकं. तिच्या वाचनालयाच्या शिक्क्यावर कोऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून तो त्यावर आपला शिक्का मारत होता.

"हे का करून राहिले जी, भाऊ?" तिनं दारातूनच विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "तुमची संस्था जुनी हाय ताई. तुमाले एखाद वेळ सोडून देतील. माही तं बंदच होते."

"मी तुमाले वाचाले देली होती ते."

"देली होती ना," तो म्हणाला आणि पुढचं पुस्तक ओढलं.

शिक्का न पडलेली जेवढी हाती लागली तेवढी तिनं दोन पिशव्यांत भरली. त्यानं अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी तिची वही उघडूनही पाहिली नाही. परवानगीशिवाय पुस्तकं बाहेर दिलीच कशी, असं विचारलं आणि अहवालात 'पुस्तके गहाळ' असं लिहिलं. वाचनालयाच्या संस्थेचे अध्यक्ष भैयाजी बाजूलाच बसले होते. दर पंधरा ऑगस्टच्या भाषणात ते या देवाणघेवाणीचं कौतुक करायचे. त्या दिवशी मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, की हा बाईंचा परस्पर कारभार आहे, आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

दुर्गेश्वरीनं घरी बसून उमेंद्रविरुद्ध तक्रार लिहिली, पण पाठवली नाही. चौकशी लागली तर त्याचंही वाचनालय बंद होईल, पुस्तकं जप्त होऊन कुणाच्याच कामाला येणार नाहीत, असं तिला तेव्हा वाटलं. त्या शहाणपणाचा तिला आजही पस्तावा होतो.

तिच्या वाचनालयाची मान्यता गेली. खोलीत भैयाजींच्या पुतण्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलं. उरलेली पुस्तकं शाळेच्या एका कोपऱ्यात पोत्यांत बांधून ठेवली आहेत. ती सोडायला कुणाला सवड झालेली नाही.

वर्षभरानं उमेंद्रचा फोन आला. गोंदियात ग्रंथालयांच्या सहकार्यावर मेळावा होता आणि त्याला बोलायला बोलावलं होतं. मूळ कल्पना तुमची, तेव्हा तुम्हीही चला, चार शब्द बोला, असं तो आग्रहानं सांगू लागला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, की तिला ती ऐकू आली नाही, कोण जाणे.

"माह्याजवळ द्याले आता काही उरलं नाही जी," ती म्हणाली.

तो पुढंही बोलत होता. जेवणाची सोय आहे, गाडी घ्यायला येईल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.