होणाऱ्या जावयाच्या लॅबवर धाड

हसू नका, आधीच सांगतो. चहा घ्या आणि माझी फजिती ऐका!

माझी सगळी नोकरी वीजचोरी पकडण्यात गेली. पद्धत एकच. मेन स्विच बंद करायचा. तरी पंखा फिरतोय? मग चोरी! मी रिटायर झालो, संशय कुठला होतोय?

आणि आमच्या तन्वीने घरी काय आणावं? मुलगा! नाव ओंकार, घर सांताक्रूझला, काम पवईच्या एका लॅबमध्ये.

"काय करतोस रे?" मी विचारलं.

"काका, कार्बन डायऑक्साइड एका पावडरीवरून सोडतो. वरून प्रकाश पाडला की त्याचं इंधन होतं."

धुरातल्या वायूचं इंधन? आणि वर इतका गोड बोलतो? शंभर टक्के भानगड!

"बाबा, वाट लावू नका हां," तन्वी म्हणाली. "मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

"बाप आहे मी. चौकशी नको करायला?"

"चौकशी करा, धाड घालू नका!" बायको किचनमधून ओरडली.

शेवटी ओंकारनेच लॅब बघायला बोलावलं. काचेचं भांडं, तळाशी पिवळी पावडर, वर मोठा दिवा. भांड्यातून निघालेली नळी एका यंत्रात, आणि यंत्राच्या स्क्रीनवर एक रेघ.

"रेघ वर आहे ना काका, म्हणजे इंधन बनतंय. आठवडाभर सलग चालू आहे. आज सर बघणार, मी त्यांना घेऊन येतो. फक्त कशाला हात लावू नका."

हात लावू नका! आयुष्यभर मी हे कोणाकडून ऐकलंय? चोरांकडून!

तो गेला आणि मी दिव्याचा स्विच बंद केला. बघतो तर काय, रेघ जिथल्या तिथे! नक्की कुठेतरी सिलिंडर लपवलाय. शोधायला मी टेबलाखाली शिरलो.

तेवढ्यात ओंकार आणि त्याचे सर आले.

"पकडला!" मी खालूनच ओरडलो. "दिवा बंद, तरी इंधन चालू!"

सरांनी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. रेघ घसरत घसरत पार तळाला गेली.

"नळीत उरलेला गॅस होता तो," सर म्हणाले. "दिवा कोणी बंद केला?"

ओंकारचा चेहरा एवढासा झाला. "आठवडा गेला, काका." मेलो! पोरीचं लग्न मी माझ्याच हाताने मोडलं यार!

पण सर हसायलाच लागले. "ओंकार, प्रकाश नसेल तर इंधन बनत नाही, हे आपल्याला दाखवायचंच होतं ना? यांनी दाखवलं. आता आठवडा पुन्हा लाव."

बिचाऱ्याने पुन्हा लावला, आणि लग्नाला होही म्हणाला. त्याच्या आईने मात्र फोनवर बजावलं, "मानपान काही नको, व्याहीबुवा. फक्त हॉलच्या मेन स्विचकडे तुम्ही फिरकायचं नाही."

नाही फिरकलो हो! आईशप्पथ! पण ऐन मंगलाष्टकांत हॉलची लाइट गेली. भटजी थांबले. अख्खा हॉल माझ्याकडे वळला. माझ्या हातात अक्षता होत्या, फक्त अक्षता!

आणि अंतरपाटाच्या मागून पहिला आवाज कोणाचा आला माहितीये?

"बाबाऽऽ!"