सोयरे आणि भाड्याचं बिऱ्हाड

‘अपडेट’ असं लिहिलेलं बटण दाबण्यापूर्वी माणसाने चार वेळा विचार करावा, निदान एक कप चहा तरी प्यावा. मी दोन्ही केलं नाही. सकाळी कामावर आलो, बटण दिसलं, दाबलं. आणि तिकडे डायलिसिस विभागातल्या स्क्रीनवरून सगळ्या रुग्णांच्या पाळ्या गायब झाल्या. उरलं ते पांढरंफटक पान.

हेड सिस्टर आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय हो, मशिनं तयार आहेत, माणसं ताटकळलीत, आणि तुमच्या स्क्रीनने मौन धरलंय?”

“दहा मिनिटं द्या, सिस्टर.”

“मी देईन हो. त्यांच्या किडन्यांना विचारून सांगते.”

ज्यांच्या किडन्या थकल्या, त्यांचं रक्त मशीनच धुतं. एक पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, आणखी चुकली की श्वास अडतो. तेव्हा कुणी आधी आणि कुणी नंतर, हा प्रश्न आमच्या इस्पितळात रांगेचा नव्हता, जिवाचा होता. आणि त्या पाळ्या लावणारा प्रोग्राम मी हौसेने नव्याने, एका फ्रेमवर्कवर बांधला होता. फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा. भिंती, दारं, नळ कुणी तरी आधीच बसवून ठेवलेले; आपण फक्त संसार मांडायचा. त्या सकाळी कुठल्याशा मूळ मालकाने नळ बदलले आणि माझ्या घराचं पाणी गेलं.

माझ्या घामाकडे पाहत सोयरे शांतपणे उठले. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, दोन कळा दाबून आपला जुना प्रोग्राम सुरू केला आणि पाळ्या परत आल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “भाड्याचं बिऱ्हाड, बाबा. साधा खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. आणि मालक मात्र न विचारता भिंत पाडणार.”

सोयरे हे त्यांचं आडनाव नव्हे. कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच, त्यातले ते थोरले. जन्मभर त्यांनी फ्रेमवर्कला हात लावला नाही. साधी, कोरी प्रोग्रामिंगची भाषा घ्यायची आणि पायापासून कळसापर्यंत सगळं स्वतः लिहायचं. बरं, लिहिलेल्या प्रत्येक भागाला नाव द्यावं लागतं. लोक ‘तपासणी’, ‘यादी’ अशी शहाण्यासारखी नावं देतात. यांनी दिली नात्यांची. दारात उभी राहून आत येणारा प्रत्येक आकडा उलटसुलट तपासणारी ती ‘सासू’. खुर्च्यांची वाटणी करणारा ‘चुलता’. हाक मारली की लगेच येणारा, पण मेमरी अडवून बसला की हलायचं नाव न घेणारा तो ‘मेहुणा’. रुग्णाला रांगेत पुढे नेणारी ‘थोरली’ आणि मागे सारणारी ‘धाकटी’.

“का म्हणजे?” मी विचारल्यावर ते म्हणाले होते. “आमची थोरली लेक शाळेच्या घंटेआधी दारात उभी. धाकटीला तीनदा हलवलं तरी कूस बदलते.”

हे ऐकून सिस्टरांनी त्यांचं बारसं केलं. “सगळं गणगोत आत भरलंय, हे कसले प्रोग्रामर? हे तर सोयरे!” तेच चिकटलं. त्यांनाही ते आवडत असावं, कारण सुपरिंटेंडेंट डॉक्टरीणबाईंनी “मिस्टर” म्हणून हाक मारली तर ते मागे वळून बघत, आणखी कोण आलंय म्हणून.

माझं आणि त्यांचं रोजचं भांडण होतं.

“सोयरे, तुमच्या स्वतःच्या घराचा पाया भक्कम आहे, मान्य. पण इतकी वर्षं झाली, अजून त्यात संडास नाही!”

“तुझ्यात चार आहेत. पाणी एकातही नाही.”

माझ्या त्या पराक्रमानंतर डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. “इथे प्रयोग नकोत. पाळ्या सोयऱ्यांच्याच प्रोग्रामवर चालतील.” मी मान खाली घातली. “फक्त एक करा, सोयरे. ज्याची मागची पाळी चुकली असेल, त्याला आपोआप सगळ्यांत आधी घ्यायला हवं.”

“एका ओळीचं काम आहे,” सोयरे म्हणाले. आणि खरोखरच ते एका ओळीचं होतं. दुपारी त्यांनी ती लिहिली. माझी प्रत्येक ओळ सोयरे दोनदा तपासत. सोयऱ्यांची ओळ तपासायची रीतच नव्हती. सासूला कोण तपासणार? शिवाय त्यांच्या गणगोतातून वाट काढणं त्यांच्याखेरीज कुणाला जमायचंही नाही.

आमच्याकडे एक शिंपीकाका यायचे. खुर्चीत पडल्या पडल्या खिडक्यांच्या पडद्यांकडे बघून हळहळायचे, “दोन बोटं आखूड शिवलेत. कापड असून आखूड!” तापामुळे त्यांची एक पाळी चुकली होती. म्हणजे नव्या नियमाने ते पहिले हवेत. स्क्रीनवर ते शेवटी होते. सिस्टरांनी स्क्रीन पाहून नावं पुकारली. शिंपीकाका बाकावर बसून राहिले. कुणीसं म्हणालं, तुम्ही सांगा ना त्यांना. ते म्हणाले, “त्यांनी हिशेबानेच लावलं असेल. मध्ये घुसणं बरं नव्हे.” संध्याकाळकडे त्यांना धाप लागली. पळापळ करून आयसीयूत नेलं. सकाळी त्यांची बायको चष्मा आणि चपला न्यायला आली. सिस्टरांनी तिच्या पिशवीत त्या चपला स्वतः ठेवल्या आणि नंतर कितीतरी वेळ त्या कुणावरही ओरडल्या नाहीत.

शिंपीकाका शेवटी कसे गेले ते बघायला दुपारी आम्ही ती ओळ उघडली. मला नुसतं बघूनच कळलं. चुकलेल्या पाळीच्या माणसाला पुढे न्यायचं तिथे थोरलीला हाक हवी होती. तिथे धाकटी होती. वाटलं, त्यांनाच दिसू दे.

सोयरे स्क्रीनजवळ वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मग अगदी साध्या आवाजात, पत्ता विचारावा तसं त्यांनी मला विचारलं, “ही धाकटी... कोण रे?”

टेबलावर त्यांचा डबा होता. धाकटी लेकच रोज दुपारी तो आणून द्यायची. आत्ताच ठेवून गेली होती. अजून गरम होता.

मला मग एकेक उमगत गेलं. मधल्या काही महिन्यांत ते दोनदा चुकून वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन बसले होते. मला माझ्या जागी आधी असलेल्या माणसाच्या नावाने हाक मारत होते. जेवण झाल्यावर विचारायचे, “जेवलो का रे आपण?” आणि मी हसायचो. मला तो त्यांचा विनोद वाटायचा. त्यांचे विनोद साधारण याच जातीचे असायचे.

मिनिटभराने त्यांचा चेहरा बदलला. ओळख पटली असावी, लेकीची आणि चुकीचीही. ते उठून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी मागोमाग.

“बाई, शिंपी माझ्यामुळे गेला. थोरलीच्या जागी मी धाकटी लिहिली. डोकं दगा देतंय, हे मला कळत होतं. सांगितलं नाही.”

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, “तपासण्या करून घेऊ. चौकशीही होईल. पण पाळ्यांचं काय करू, सोयरे?”

“याचं फ्रेमवर्क लावा.”

“अहो, त्या दिवशी ते...”

“बंद पडलं. पडलं ते साऱ्या इस्पितळाला दिसलं. माझं चालू होतं, बाई. चालू राहून माणूस मारला.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “भाड्याच्या घरांचं एक बरं असतं. प्रत्येक मजल्यावर मोरी त्याच जागी. उद्या हा गेला तरी नवा माणूस शोधून काढेल. माझ्या घरात मीच एकटा राहिलोय.”

बाहेरच्या बोळात मी त्यांना गाठलं. इतकी वर्षं मला हा वाद जिंकायचा होता. आता जिंकलो होतो, आणि काहीही करून तो मला परत हरायचा होता.

“सोयरे, असं नका करू. मी शिकतो तुमचं सगळं गणगोत. सासू, चुलता, मेहुणा, एकेक समजावून द्या. तुम्हीच म्हणायचात ना, भाड्याच्या घरात खिळासुद्धा मालकाला विचारून ठोकावा लागतो?”

त्यांनी डायलिसिस विभागाच्या दारातून दिसणाऱ्या त्या दोन बोटं आखूड पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझ्या घरात खिळे कुठे ठोकलेत, तेच मला आठवत नाही.”