बटणकाकांची मुकी तारीख

ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने फक्त हजेरीपट ओळखत असे. बाकी सगळे बटणकाका म्हणत.

नऊ वर्षं हा गृहस्थ एकच काम करत होता. संकेतस्थळांना लागणारे सुटे भाग बनवायचे: बटण, यादी, तारीख निवडायची पेटी. एकदा नीट घडवायचे, इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवायचे, आणि ज्याला हवेत त्याने उचलून आपल्या पानावर बसवायचे. धंद्यातले लोक याला कॉम्पोनंट लायब्ररी म्हणतात, काका 'माझा संच' म्हणत आणि त्यांची बायको 'तुमचं ते भंगार'. लिफ्टमध्ये शिरले की काका मजल्याचं बटण दाबायच्या आधी त्याच्या कडा तपासत, आणि मागचे लोक खोळंबत. मुलीचा वाढदिवस ते दोनदा विसरले, पण बटणाची चौथी आवृत्ती कोणत्या मंगळवारी प्रसिद्ध झाली हे झोपेतही सांगत.

त्या सोमवारी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम त्यांच्या वरिष्ठ, पण वयाने बारा वर्षांनी लहान आणि स्वभावाने सरळ.

"काका, आधी बसा. वाईट बातमी उभ्याने ऐकू नये."

काका बसले.

"वरच्यांनी ठरवलंय, बाहेरून तयार संच घ्यायचा. तुमचा बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, काका. आपल्याशिवाय कोणी वापरत असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरचा एक तरी माणूस दाखवा. शुक्रवारी अकराला बैठक आहे. भांडीन मी तुमच्यासाठी, पण रिकाम्या हाताने कशी भांडू?"

काका हसतच बाहेर आले. एक? अहो, संच इंटरनेटवरून आठवड्याला एकोणपन्नास वेळा उतरवून घेतला जात होता! तो आकडा ते रोज सकाळी चहाबरोबर बघत. त्या एकोणपन्नासांना त्यांनी मनातल्या मनात चेहरेसुद्धा देऊन ठेवले होते. एक दाढीवाला होता, एक नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी होती.

मंगळवारी ते त्यांचा पत्ता काढायला बसले आणि जेवणाच्या सुट्टीआधीच मंडळी सापडली. कोपऱ्यातल्या टेबलाखाली, धूळ खात. सहा वर्षांपूर्वी काकांनीच तिथे एक यंत्र लावलं होतं: दर चार तासांनी संच उतरवायचा आणि सगळं धड आहे ना ते तपासायचं. दिवसाला सहा, आठवड्याला बेचाळीस. दाढीवाला, ती मुलगी, सगळा गोतावळा त्या एका डब्यात राहत होता. उरलेल्या सातांचा काकांनी विचारही केला नाही. तेही आपलंच काहीतरी पाप असणार!

घरी त्यांनी घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कोणी नाहीये गं. नऊ वर्षं मीच माझ्या दारावर टकटक करतोय आणि मीच आतून 'कोण?' म्हणतोय."

एरवी तिने टोमणा सोडला नसता. "मी वापरते म्हणून सांगू का?" ती म्हणाली. "कुठे सही करायची?" त्यावर काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिने घाईघाईने जोडलं, "तसं ते भंगारच आहे म्हणा."

बुधवारी सकाळी फोन वाजला. संचाच्या पानावर काकांनी 'तक्रार असल्यास' म्हणून आपला नंबर दिला होता. नऊ वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, आणि काकांना त्याचा अभिमान होता.

"तारखेची पेटी बनवणारे तुम्हीच का?"

"हो! मीच! आपण?"

"मी दवाखान्यात कारकून आहे, रुग्णांना तारखा देतो. मला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो, पण तुमची पेटी आली की त्याची दातखीळ बसते. चार वर्षं शेजारच्या बाईंना हाक मारतोय, एवढी तारीख लावून द्या हो. आज त्या रजेवर आहेत."

"म्हणजे तुम्ही माझा संच वापरता!" काका ओरडलेच.

"वापरत नाही हो. सोसतो."

काका ओशाळले, तरी मागायचं ते मागितलंच. "मला एक पत्र द्याल? तुमच्याकडे हा संच आहे, एवढंच."

"देतो की. पण सगळं लिहीन."

आणि त्याने सगळं लिहिलं. काकांच्या हातात एकुलता एक पुरावा आला, आणि तोच गळफास. संचाच्या पानावर पहिलीच ओळ होती, 'सर्वांना वापरता येईल असा'. काकांनी पेटी माउसने तपासली होती, मोबाइलवर तपासली होती, डोळे मिटून एकदाही नाही. यंत्र सहा वर्षं 'सगळं धड आहे' म्हणत राहिलं, कारण काकांनी त्याला तेवढंच विचारायला शिकवलं होतं.

बैठकीसाठी मॅडमनी दहा स्लाइड्स मागितल्या होत्या. काकांनी एकही केली नाही. पडदा बंद करून, हेडफोन लावून ते स्वतःचीच पेटी चालवायला बसले. अंधारात फेब्रुवारीत शिरले आणि त्यांना बाहेर पडायची वाट सापडेना. हा माणूस इथे चार वर्षं उभा होता.

गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांनी दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध केली. दवाखान्याचं पान रोज पहाटे ताजी आवृत्ती आपोआप ओढून घेई. रोज एकदा. आठवड्याला सात.

शुक्रवारी साडेनऊला कारकुनाने काकांना फोन लावला आणि तो कॉम्प्युटरजवळ धरला. कोरड्या आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, "मंगळवार, चौदा. जागा आहे."

"परत ऐकवू?" कारकुनाने विचारलं.

"ऐकवा."

अकराला काकांनी पत्र जसंच्या तसं टेबलावर ठेवलं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं.

"म्हणजे वापरणारा एकच," वरच्यांपैकी एक म्हणाले, "आणि तोही वैतागलेला?"

"हो," काका म्हणाले. "आज सकाळपर्यंत."

मॅडम बारा मिनिटं भांडल्या. तेराव्या मिनिटाला संच बंद झाला.

सोमवारपासून काका दुसऱ्यांची तयार बटणं बसवू लागले. टेबलाखालचं यंत्र कोणीतरी उचलून नेलं. इंटरनेटवर ठेवलेला संच तेवढा तिथेच राहिला. त्याला ऑफिसच्या वेळेत हात लावायची मनाई होती. आठवडाभर काकांनी आकडा पाहिला नाही. मग एका सकाळी चहा निवत ठेवून पाहिला आणि बायकोला दाखवला.

"सातच?" ती म्हणाली.

"सातच."

तेवढ्यात फोन वाजला. "नमस्कार, मीच. तारीख बोलते. पण वर्ष बदलायचं बटण अजून मुकं आहे."

"रविवारपर्यंत थांबाल?" काकांनी विचारलं.

"चार वर्षं थांबलो की."